एकशे अडतीस उत्तरं

११ मार्च २०१९, सोमवार. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ऋजुता दामलेने माझ्या टेबलावर चार कागद ठेवले आणि म्हणाली, "मॅडम, अठ्ठावीस फेब्रुवारीचा लॉट दुकानांतून परत मागवावा लागेल असं दिसतंय."

मी आधी चहा संपवला, मग कागद उचलले.

जयसिंगपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमची मसाल्याची कंपनी. ती अजून चालू आहे, म्हणून नाव देत नाही. तोवर मी तिथे बावीस वर्षं मार्केटिंग पाहत होते, त्यातली शेवटची नऊ प्रमुख म्हणून. लाल तिखट हा आमचा मुख्य माल. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या लॉटमध्ये दोनशे ग्रॅमची बावीस हजार चारशे पाकिटं होती आणि पाच मार्चपासून ती सांगली, सातारा, सोलापूर आणि पुण्याच्या दुकानांत लागली होती. मार्च म्हणजे घरोघरी वर्षाचं तिखट भरायचा महिना. त्या महिन्यात फळीवरून माल काढला तर रिकामी जागा दुसऱ्या दिवशी दुसरा कोणी भरतो. माल ठेवायचा की मागवायचा हे मालक ठरवणार होते, पण ते मला विचारून ठरवणार होते.

ऋजुता ठाण्याची. वय सत्तावीस. सात महिन्यांपूर्वी आमच्याकडे आली होती. सोशल मीडियावरच्या आमच्या पानावर आणि ऑनलाइन दुकानांत गिऱ्हाईक जे लिहितं ते सगळं गोळा करून त्याची चांगलं आणि वाईट अशी वाटणी करणारं एक सॉफ्टवेअर कंपनीने ऑगस्टमध्ये घेतलं होतं. ते चालवणं हे तिचं काम.

"पाच दिवसांत दोनशे चौदा वाईट प्रतिक्रिया," ती म्हणाली. "त्यातल्या एकशे एकतीसमध्ये एकच शब्द आहे."

"कुठला?"

"ठसका."

मी हसले. तिला हसू अपेक्षित नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"ऋजुता, हा शब्द आमचा आहे," मी म्हणाले. "मीच दिलाय त्यांना."

ते खरं होतं. २००४ साली 'ठसका लागला तरच आपलं' ही ओळ मी लिहिली. कराडपासून मंगळवेढ्यापर्यंत चारशेच्या वर भिंतींवर ती रंगवून घेतली. त्याआधी सहा वर्षं मी आठवडी बाजारात टेबल मांडून बसत होते. भाकरीचा तुकडा, त्यावर तिखट, वर तेलाची धार. माणूस खायचा, खोकायचा, डोळे पुसायचा, भोवतीचे हसायचे आणि तो पाकीट घेऊन जायचा. न खोकणारा घेत नसे. ओळ तिथून आली. दोन वर्षांत आमच्या भागात ठसका हा तिखटाचा गुण झाला.

साडेअकराला मालकांच्या खोलीत बसलो. मालक शांतिनाथ मगदूम, उत्पादनाचे भैरू फोंडे, ऋजुता आणि मी. ऋजुताने आलेख दाखवला. मगदूम साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काय ओ दामले, तुमचं हे मशीन कुठल्या गावचं?"

"पुण्याच्या कंपनीचं आहे सर."

"मग बरोबर आहे. तिकडं ठसका लागला की दवाखान्यात जात्यात."

फोंडे मोठ्याने हसले. मी कागद हातात घेतले आणि एकेक ओळ जशी बोलली जाते तशी वाचून दाखवली.

"'नाद करायचा नाय, पहिल्याच घासाला ठसका.' हे तुमच्या मशीनने वाईटात टाकलंय. 'सासरे खोकून खोकून लाल, एक नंबर माल.' हेही वाईटात. 'ठसका लागला राव, जाळ हाय जाळ.'"

"जाळ म्हणजे आग लागली असं समजलं असंल ते," फोंडे म्हणाले. "बंब पाठवा म्हणावं."

"आणि हे ऐका. 'बायकोनं पाकीट फोडलं, अख्ख्या घराला ठसका!'"

ह्यावर सगळ्यात जास्त हसू आलं. साहेबांनी ती ओळ मला परत वाचायला लावली.

ऋजुताने आलेखावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "सर, एरवी आठवड्याला हा शब्द चाळीस-पंचेचाळीस वेळा येतो. आता पाच दिवसांत एकशे एकतीस. कौतुक असेल तर ते एकदम तिप्पट कसं झालं?"

"मार्च आहे," मी म्हणाले. "मार्चला खप वाढतो."

"इतका? मागच्या मार्चला किती वेळा आला होता?"

"मागच्या मार्चला तू नव्हतीस."

पुन्हा हसू. मागच्या मार्चला सॉफ्टवेअरही नव्हतं, म्हणजे तिच्या प्रश्नाला उत्तर कोणाकडेच नव्हतं. पण ते मी बोलले नाही.

"यांतल्या पाच-दहा जणांना फोन करून विचारूया का?" ती म्हणाली.

"काय विचारणार? आमचं कौतुक केलंत ते खरंच का, असं?"

साहेबांनी चष्मा खाली घेतला. "हुक्केरी बाई म्हणतात म्हणजे विषय संपला. माल राहू दे. दामले, मनाला लावून घेऊ नका. चार बाजार हिंडा आमच्या बाईंबरोबर, कळेल सगळं."

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

आदल्या वर्षी साहेबांनी चाळिशीवरच्या आम्हा सहा जणांना एका शिक्षणक्रमाला घातलं होतं. पंधरा शनिवार, सांगलीला. जाहिरात बदलली, आता भिंत नाही, पडदा आहे. गिऱ्हाइकाशी तिथे बोलायला शिका, असं ते सांगत. मी सहाही जणांत पहिली आले होते. प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं होतं. शिकलेल्यांपैकी एक गोष्ट मला विशेष आवडली होती: एक शब्द निवडायचा, तो शब्द असलेल्या सगळ्या प्रतिक्रिया एकत्र करायच्या आणि एका दाबात सगळ्यांना उत्तर द्यायचं.

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी मी ते केलं. शब्द निवडला, ठसका. उत्तर लिहिलं: 'आभारी आहोत! ठसका लागला तरच आपलं!' पुढे लाल मिरचीचं चित्र. पडद्यावर आलं, एकशे अडतीस जणांना पाठवायचं? मी हो दाबलं. अकरा सेकंद लागले. बाजारात एकशे अडतीस माणसांशी बोलायला मला दोन दिवस लागत.

ऋजुता मागून जात होती. "सगळ्यांना दिलंत?"

"सगळ्यांना. सांगलीला शिकलेलं सगळं विसरले नाही बघ."

"वाचून दिलं असतं तर..." ती म्हणाली आणि पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी लतिका वायदंडे माझ्या खोलीच्या दारात आली. पाकिटाच्या पाठीवर छापलेला तक्रारीचा फोन चौदा वर्षं ती उचलत होती. गोदामाशेजारी तिची खोली. एकतीस मार्चला तो फोन बंद होणार होता; आता सगळं पडद्यावर लिहून येतं, तर फोन कशाला, अशी टिपणी मीच साहेबांना दिली होती. लतिकाला ते माहीत होतं. पॅकिंगमध्ये घेऊ असं तिला सांगितलं होतं.

"मॅडम, जरा बसू का?"

"बस की. काय गं?"

"काल ठसक्याचं तुम्ही साहेबांना पटवलं म्हणे. फोंडे कँटीनला सांगत होते, नक्कल करून."

"मग?"

"मला एक विचारायचं होतं. हसू नका." ती खुर्चीच्या टोकावर बसली. "आपल्या तिखटाचा ठसका कधी लागतो? जेवताना, का फोडणीला?"

"दोन्हीला."

"आणि पाकीट फोडताना?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आठ फोन आलेत, गुरुवारपासनं," ती म्हणाली. "सगळ्यांचं एकच सांगणं. कात्रीनं कोपरा कापला की धूर उठल्यागत वर येतंय. अजून चमचा आत गेलेला नसतो ओ. तोंडात तर काहीच नाही."

"शुक्रवारीच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. फॉर्म भरला." तो फॉर्म संगणकावरचा, डिसेंबरात आलेला. "त्यात चारच रकाने आहेत. चव, रंग, वजन, तिखटपणा. धुराचा रकाना नाही. मग तिखटपणा जास्त, तिथं टिक केली. वेगळं लिहायला जागाच ठेवलेली नाही त्यात."

फॉर्म मी केला होता.

"चिडून बोलले का ते?"

"कुठलं! हसूनच. तुमचं भिंतीवरचं वाक्य मलाच ऐकवतात. त्या विट्याच्या बाई म्हणाल्या, अहो ताई, ठसका लागला, पण तिखट आपलं व्हायच्या आधीच लागला. आणि हसता हसता थांबल्या. बोलता येईना. मी फोन धरून बसले, दोन मिनिटं नुसता श्वास ऐकू येत होता." लतिकाने हाताने छातीशी वरखाली केलं. "आता हे त्या बाईंनी लिहून पाठवलं असतं तर काय दिसलं असतं तुम्हाला?"

"ठसका लागला," मी म्हणाले.

"तेच."

ती जाऊन गोदामातून दोन पाकिटं घेऊन आली. एक फेब्रुवारीच्या दहा तारखेचं, एक अठ्ठावीसचं. मी ऋजुताला बोलावलं. आधी दहा तारखेचा कोपरा कापला. काही झालं नाही, नेहमीचा वास आला. मग अठ्ठावीसचा कापला. कात्री बाहेर काढायच्या आत पाकिटाच्या तोंडातून बारीक लालसर धूळ वर आली आणि हवेत राहिली. आधी मी खोकले, मग लतिका, मग ऋजुताने ओढणी तोंडाला लावून खिडक्या उघडल्या. माझा खोकला थांबायला पाच-सहा मिनिटं लागली. मला दमा नाही.

कोणी हसलं नाही.

पाणी पिऊन आम्ही तिघी एकशे अडतीस प्रतिक्रिया घेऊन बसलो. ऋजुता वाचत होती, लतिका ऐकत होती, मी पेन्सिलने खूण करत होते. ठसका आहे की नाही हे पाहायचं नाही, कधी लागला एवढंच पाहायचं, असं लतिकाने सांगितलं होतं. 'पहिल्याच घासाला' हे जेवताना. 'आमटीला फोडणी दिली आणि' हे फोडणीला. 'डबा भरताना', 'कापल्या कापल्या', 'पाकीट फोडलं आणि' ह्या बाजूला. मी साहेबांच्या खोलीत दोनदा वाचून दाखवलेली ओळ एकविसावी होती. बाजूच्या ढिगात एकूण एक्केचाळीस गेल्या.

"माझ्या सॉफ्टवेअरने सगळ्याच वाईट ठरवल्या होत्या," ऋजुता म्हणाली. "म्हणजे सत्त्याण्णव ठिकाणी ते चुकलं."

"आणि मी एक्केचाळीस ठिकाणी," मी म्हणाले.

"मोजत बसू नका," लतिका म्हणाली. "फोंड्यांना बोलवा."

फोंडे सहाला दहा कमी असताना आले. पाकिटाकडे पाहिलं, नाकाशी नेलं, चटकन दूर केलं.

"सव्वीसला जाळी बदलली चक्कीची," ते म्हणाले. "जुनी फाटली होती. त्या मापाची मिळंना, बारकी मिळाली. म्हटलं बारकी तर बारकी, पूड मऊच येईल की. आणि आलीया मऊ. रंग बघा किती सुरेख दिसतोय."

"कोणाला सांगितलंत?"

"जाळीचं काय सांगायचं मॅडम?"

सव्वासहाला मी एकटीच साहेबांकडे गेले. सगळं सांगायला चार मिनिटं लागली.

"काल तुम्हीच म्हणाला कौतुक आहे."

"काल मी चुकले."

"आज बरोबर आहे कशावरून?"

मी सोबत आणलेलं अठ्ठावीसचं दुसरं, न फोडलेलं पाकीट आणि कात्री त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कापलं नाही. पाकीट हातात घेऊन हलवलं, टेबलावर ठेवलं.

"परत मागवायचं म्हणजे काय, कळतंय ना? आख्खा मार्च गेला."

"कळतंय."

"नुसती मऊ पूड आहे बाई. इख न्हाई घातलेलं कुणी."

"दम्याच्या माणसाला ते सांगता येणार नाही साहेब. विट्याला एक बाई फोनवर बोलू शकली नाही. लतिकाने ऐकलंय."

"लतिकानं." त्यांनी कपाळ चोळलं. "जिचा फोन आपण बंद करतोय."

"हो. टिपणी माझी आहे. ती मी मागे घेते."

त्यांनी कात्री माझ्याकडे सरकवली. मग स्वतःच फोन उचलून गोदामाला सांगितलं, अठ्ठावीसचं एकही पाकीट बाहेर जाऊ देऊ नका. बुधवारी सकाळी नऊ वाजता सगळ्या वितरकांना निरोप गेले. आठवडाभरात नऊ हजार तीनशे बारा पाकिटं परत आली. तेरा हजार अठ्ठ्याऐंशी आली नाहीत. त्यातली किती सोमवारी दहा-वीस ते बुधवारी नऊ ह्या वेळात विकली गेली, ते काढता आलं नाही. मी प्रयत्न केला. किराणा दुकानदार असा हिशोब ठेवत नाहीत.

साहेबांच्या खोलीतून मी परत आले तेव्हा लतिका गेली होती. तिची सव्वासहाची बस असे. ऋजुता माझ्या टेबलापाशी उभी होती.

"मॅडम, एक राहिलंय."

"काय?"

"मी तुम्हाला काल सकाळी एकशे एकतीस दिल्या होत्या. तुम्ही उत्तरं एकशे अडतिसांना दिलीत. मधल्या सात दुपारी आलेल्या. मघाशी त्यातली शेवटची मी मोठ्याने न वाचताच बाजूच्या ढिगात ठेवली. लतिकाताईंसमोर नको वाटलं."

तिने पडदा माझ्याकडे वळवला.

खात्याचं नाव होतं 'माणदेशी एकटा'. फोटोच्या जागी एका विहिरीचं चित्र. सोमवारी दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी त्याने लिहिलं होतं: 'पाकीट फोडलं. आईला ठसका लागला. आजून थांबंना. काय करायचं कोण सांगल का?'

त्याच्या खाली, तीन वाजून चाळीस मिनिटांनी, माझं उत्तर होतं. आभारी आहोत. मिरची.

मी खुर्चीत बसले. ऋजुताने विचारलं, "उत्तर काढून टाकू?"

"नको. त्याने ते पाहिलं असणार. आता काढलं तर आपण असं म्हटलंच नव्हतं असं होईल. त्याच्याखाली लिही."

"काय लिहू?"

मी सांगितलं, तिने लिहिलं. चूक झाली, आईंना डॉक्टरांकडे न्या, ह्या नंबरावर फोन करा. नंबर माझा दिला. तोच मजकूर त्याला खाजगीतही पाठवला. त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढचे पंधरा दिवस लतिका दुपारी एक तास काढून माणदेशातल्या आटपाडी, म्हसवड आणि दहिवडीच्या दुकानदारांना फोन करत होती. "पाकीट फोडताना कुणाच्या आईला त्रास झालेला ऐकलंय का?" असं ती विचारायची. दुकानदार म्हणायचे, बाई, तिखट आहे, त्रास होणारच. बाजाराच्या दिवशी मी दोनदा आटपाडीला जाऊन आले. खात्याच्या जुन्या नोंदींत बैलांचे आणि पाण्याच्या टँकरचे फोटो होते, माणूस एकाही फोटोत नव्हता. मार्चच्या अकरा तारखेनंतर त्याने काही लिहिलं नव्हतं. ऋजुता म्हणाली, लोक खाती अशीच सोडून देतात, त्यावरून काही ठरवू नका. लतिका म्हणाली, ठसका दहा मिनिटांत जातोही. दोघींचं म्हणणं खरं असू शकतं.

तक्रारीचा फोन बंद झाला नाही. लतिका २०२२ साली निवृत्त झाली. आता तिथे दोघं बसतात. ऋजुताने फॉर्ममध्ये पाचवा रकाना घातला, रिकामा, आणि पुढच्या वर्षी ती बंगळूरला गेली. भिंतींवरची ओळ कंपनीने तशीच ठेवली आहे. मी २०२३मध्ये काम सोडलं. सांगलीच्या एका कॉलेजात आठवड्यातून दोनदा मार्केटिंग शिकवते.

मुलं पहिल्याच तासाला विचारतात, आता ह्या धंद्यात टिकायचं तर काय काय यायला हवं. मी त्यांना त्या एकशे अडतीस प्रतिक्रिया नावं काढून वाटते आणि चांगल्या-वाईट वेगळ्या करा म्हणते. हल्ली बहुतेकजण त्या एआयच्या यंत्राला वाचायला देतात. यंत्र आता आमच्याकडची बोली ओळखतं, ऋजुताच्या सॉफ्टवेअरपेक्षा पुष्कळ चांगली. जाळ म्हणजे कौतुक हे त्याला कळतं. तीन वर्षांत दोघांनी मला उलट विचारलं, मॅडम, ह्यातल्या कोणाला फोन लावता येईल का. त्यातली एक मुलगी तासगावची होती. एकशे अडतिसावी प्रतिक्रिया वाचून तिने विचारलं, पुढे काय झालं? मी सांगितलं, माहीत नाही.

त्या खात्याला मी माझ्या स्वतःच्या नावाने आतापर्यंत नऊ निरोप पाठवले आहेत. मजकूर दर वेळी थोडा वेगळा, विचारणं एकच: आई कशा आहेत. पहिले आठ गेल्या वर्षापर्यंत उघडले गेले नव्हते.

नववा मी जानेवारीत पाठवला. ह्या महिन्याच्या चार तारखेला, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी, त्याच्याखाली 'पाहिलं' अशी खूण आली. उत्तर अजून आलेलं नाही.